पाण्यावरचीला न्यायला कोण गेलं?

निवृत्त झाल्यावर मी कादंबरी लिहायला घेतली, याचं कर्जतमध्ये कुणालाही नवल वाटलं नाही. उभा जन्म मुलांना इतिहास शिकवण्यात गेलेली बाई, तिचं तोंड बंद कसं राहणार, असंच सगळ्यांना वाटलं असावं. विषय सांगितला तेव्हा मात्र माणसं दचकली. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या बायका! काळं पाणी म्हटलं की क्रांतिकारक आठवतात, पण त्यांच्या कितीतरी आधी अगदी साध्या घरांतल्या बायकाही जहाजात घालून अंदमानात पाठवल्या होत्या, हे कुणाच्या गावीही नव्हतं. "त्यांनी केलं काय होतं?" असं प्रत्येक जण विचारायचा. बऱ्याच जणींवर खुनाचा आरोप होता, असं मी सांगितलं की बायका लगेच आवाज खाली आणून म्हणायच्या, "नवऱ्याचा का हो?" त्यांच्या डोळ्यांतली चमक बघून मला त्यांच्या नवऱ्यांची काळजी वाटायची.

माझी नायिका कोंडाण्याच्या वाटेवरच्या एका गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. नवऱ्याला धोतऱ्याचं बी घातलं, असा तिच्यावर आरोप. सख्ख्या भावानं तिच्याविरुद्ध साक्ष दिली, ठाण्याला खटला चालला आणि तिला काळं पाणी झालं. तिनं खरंच बी घातलं होतं की नाही, हे मी सांगत नाही. मलाच ते ठरवता आलेलं नाही.

लिहिलेलं मी शेजारच्या बाईंना वाचून दाखवायची. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अजूनही सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणते. थंडीच्या दिवसांत माझ्या ओटीवर दुपारपर्यंत ऊन असतं. तिथं आम्ही बसायचो. भाजीवाल्या मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. त्यांचं गाव कोंडाण्याच्याच बाजूला. टोपली रिकामी होत आली की त्यांचं शेवटचं घर माझं. चहा पिऊन, पाय मोकळे करून मगच त्या निघायच्या. एकदा त्या चहा पीत असताना माझं वाचन चाललं होतं. पहिलंच प्रकरण. नायिका जहाजात बसली आहे, किनारा दिसेनासा झाला आहे, ती आठ पानं रडते आणि दिवेलागणीला रामरक्षा पुटपुटते.

"बाई," मावशी बशीतला शेवटचा घोट घेऊन म्हणाल्या, "तिला उलटी नाय झाली?"

"कुणाला?"

"तुमच्या त्या बाईला. जल्मात कदी समुद्र बघितला नाय, जहाजात चढली, आन रडतेच आपली. मला पनवेलच्या यष्टीत व्हते."

"आणि आठ पानं रडली तर अंगातलं पाणी जाईल तिच्या," सिस्टर म्हणाल्या. "सलाइन लावायला लागेल."

"आन ती रामरक्षा!" मावशी हसू दाबत म्हणाल्या. "ती आमच्यातली नाय वाटत. तुमच्या आळीतली वाटते."

माझा स्वभाव तापट आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील. मी वही मिटली आणि कपबशा उचलून मुद्दाम आपटत आत गेले. दुसऱ्या दिवशी ती आठ पानं फाडली. माझी नायिका आता जहाजात ओकते, शेजारणीच्या अंगावर ओकते, त्यावरून दोघींची जुंपते आणि पुढं तीच शेजारीण तिची जिवाभावाची मैत्रीण होते. कादंबरीतलं ते सर्वांत चांगलं प्रकरण आहे आणि ते मावशींच्या उलटीचं आहे, हे मी इथं मान्य करते.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार वाचन ठरूनच गेलं. मावशी वालाच्या शेंगा सोलायला घेऊन बसायच्या आणि आम्हा दोघींनाही कामाला लावायच्या. नायिकेला मी चांगलं नाव दिलेलं आहे, पण मावशींनी ते एकदाही घेतलं नाही. त्या तिला 'पान्यावरची' म्हणायच्या. "पान्यावरची कुठवर आली?" असं फाटकातूनच ओरडत यायच्या.

लग्नाच्या प्रकरणाला तर दोघींनी नुसता धुमाकूळ घातला. अंदमानात काही वर्षं नीट वागलेल्या बाईला लग्नाची परवानगी मिळायची. थोडी मोकळीक मिळालेले कैदी पुरुष बायको शोधायला यायचे, बायकांना रांगेत उभं केलं जायचं आणि पुरुष त्या रांगेपुढून चालत जायचे. मी हे फार करुण लिहिलं होतं.

"म्हंजे बगायचा कारेक्रम!" मावशी टाळी देत म्हणाल्या. "तितं पन सुटका नाय!"

"पोहे कोण करायचं?" सिस्टरनी विचारलं.

"अहो, तिथे नकार द्यायचा हक्क बाईला होता," मी चिडून म्हटलं. "नको म्हणाली की विषय संपला."

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खरं सांगता? कैदेत व्हती तरी?" त्या म्हणाल्या. "मला तर कोनी इचारलं बी नव्हतं." मग त्यांनी फर्मान काढलं की पाण्यावरचीनं पहिल्या सात जणांना नकार द्यायचा. मी तीन जणांवर तडजोड केली.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मावशींची मुलगी नेरळला राहते. कर्जतहून नेरळ ते किती लांब! दोन स्टेशनं. पण नऊ वर्षांत ती माहेरी आली नव्हती. तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि मावशींनी तिला सांगितलं, की या घराचा उंबरा तुला बंद. घरात दुसऱ्या कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मुलगा-सून पनवेलला, आपल्या संसारात. मावशींचे यजमान गरीब गाय; ते महिन्यातून दोनदा दात दाखवायला म्हणून नेरळला जातात. "नऊ वर्सं दातच दाखवतो हा मानूस," मावशी सांगायच्या. "तोंडात दात उरलेत चार." कुठं जातात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. निघताना त्यांच्या पिशवीत त्या गुपचूप तांदळाच्या भाकऱ्या जास्तीच्या बांधायच्या. पण स्वतः जायचं नाही आणि तिला बोलवायचंही नाही. शब्द गेला होता ना तोंडातून!

आणि दुसरी गोष्ट. ती मुलगी माझी विद्यार्थिनी. नववीत असताना मला सनावळ्यांत पकडायची, इतकी हुशार. लग्न ठरवलं तेव्हा ती माझ्याकडे आली होती. तिच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. हे मावशींना माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी त्यांच्या हातची भाजी खात होते आणि आठवड्यातून दोनदा मला मनातल्या मनात चोरासारखं वाटत होतं. कादंबरीत मी बहिणीविरुद्ध साक्ष देणाऱ्या भावाला चांगला झोडपत होते, आणि इथं आपल्या साक्षीबद्दल अवाक्षर काढायची माझी हिंमत नव्हती.

शेवटचं प्रकरण मी जानेवारीत वाचलं. नायिकेची शिक्षा संपते. ती जहाजानं मुंबईला येते, तिथून मजल दरमजल करत गावाकडे निघते आणि एका संध्याकाळी माहेरच्या दारात उभी राहते. मी थांबले. सिस्टर डोळे पुसत होत्या, म्हणजे प्रकरण जमलं होतं.

मावशी मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. "तिला न्यायला कोन गेलं व्हतं?"

"कोण जाणार? अंदमानात?"

"मुराळी नाय गेला?"

आमच्याकडे हा शब्द आता फक्त म्हातारी माणसं वापरतात. सणासुदीला माहेरचा माणूस, बहुतेक भाऊ, मुलीला आणायला तिच्या सासरी जातो, तो मुराळी. मावशींच्या गावात अजूनही मुराळी गेल्याशिवाय लेक पाऊल उचलत नाही. माझ्या घरात मात्र ते कधीच संपलं. फोन केला की आम्ही आपापल्या गाडीनं जाऊन हजर. म्हणून तर मी आपली नायिका खुशाल एकटीच दारात आणून उभी केली होती.

"बोलावल्याबिगर ती येनार नाय, बाई," मावशी म्हणाल्या. "जीव गेला तरी नाय येनार. तुमी तिला भिकारीन केलीत."

"मावशी, इतिहासात असं घडू शकत नाही. समुद्रापलीकडे कोण जाईल? आणि कुणी जायचं?"

"भावानं. त्यानंच साक्ष दिली ना? ज्यानं धाडली त्यानं आनावी."

हे त्या फार जोरात बोलल्या. मग सोललेले वाल त्यांनी माझ्या सुपात ओतले, टोपली उचलली आणि चहा न घेताच निघून गेल्या. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं माहीत होतं, माझी सहीसुद्धा. "आता तुमचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मावशी आल्या नाहीत. मंगळवारी सकाळी नऊलाच फाटक वाजलं. टोपली नव्हती. घडीची मोतिया साडी, डोक्यात अबोलीचा गजरा आणि हातात एक फुगलेली कापडी पिशवी.

"चला बाई."

"कुठे?"

"नेरळला. मला घर ठावं नाय. तुमची इद्यार्थीन हाय, तुमाला ठावं असंल."

घर मला चांगलंच ठाऊक होतं. त्या घरातल्या हॉलमध्ये लग्नाचा मोठा फोटो आहे आणि त्यात नवरा-नवरीच्या मधोमध, पेढ्यांचा बॉक्स हातात धरून, बत्तीशी दाखवत मी उभी आहे. "शोधू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रिक्षात मावशी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. नेरळची नवी घरं दिसायला लागली तरी एकही वाक्य पुरं होईना.

लिफ्टमध्ये शिरायला मावशींनी साफ नकार दिला. तीन मजले आम्ही जिन्यानं चढलो. दार सहा वर्षांच्या नातीनं उघडलं. मावशींकडे तिनं अनोळखी नजरेनं बघितलं, मग मला बघून आत ओरडली, "आई, फोटोतल्या बाई आल्या!"

मावशी आत गेल्या. फोटो समोरच होता. त्यांनी तो बघितला, जवळ जाऊन पुन्हा बघितला. तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती घरगुती डबे करते, तिचे हात कोपरापर्यंत कणकेत होते. ती जागच्या जागी थिजली. मायलेकी एकमेकींकडे बघेनात. मग मावशी गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"तुमी व्हत्या?"

"हो," मी म्हटलं. "सहीसुद्धा केली."

"नऊ वर्सं! नऊ वर्सं माझ्या हातची भाजी खाल्ली, आन तोंडातून शबूद नाय काढला! कवळी कवळी भेंडी निवडून ठेवत व्हते मी तुमच्यासाठी!"

"आई, बाईंना कशाला बोलतेस?" मुलगी म्हणाली. "मीच गेले होते त्यांच्याकडे. त्या नको म्हणत होत्या."

"तू मधी बोलू नको!"

"का नको? लग्न माझं होतं."

"लग्न तुजं, आन पेढं हिच्या हातात! बग कशी हसते फोटोत!"

"मग काय रडायचं होतं त्यांनी? तू यायचं होतंस ना पेढे धरायला!"

"मला बोलावलंस?"

"उंबरा कोणी बंद केला?"

दोघी तारस्वरात भांडत होत्या. शेजारचं दार उघडलं आणि मिटलं. मी मधे उभी राहून दोन्हीकडून बोलणी खात होते. अचानक माझ्या लक्षात आलं, की नऊ वर्षांत या दोघी पहिल्यांदा एकमेकींशी बोलत आहेत. मग मला इतका आनंद झाला, की मी आणखी एक चूक कबूल केली. लग्नाचा मुहूर्तही मीच काढून दिला होता, असं सांगून टाकलं. ते खोटं होतं, पण भांडण थांबून चालणार नव्हतं.

नात सगळं ऐकत होती. जरा शांतता झाल्यावर तिनं मावशींचा पदर ओढला. "तू दातवाल्या आजोबांची कोण?"

मावशी मटकन खाली बसल्या. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. त्यांना रडताना मी कधीच बघितलं नव्हतं. खूप वेळानं मुलीकडे मान वर करून त्या म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"घरी. न्यायला आलेय तुला."

"मुराळी बाई असते होय?"

"मीच धाडली ना तुला? मंग मीच आननार."

मुलगी आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लालच होते. "चाळीस पोळ्यांची ऑर्डर आहे," ती म्हणाली. "ती पोचवल्याशिवाय मी कुठेही येत नाही."

मुराळी रिकाम्या हातानं परत जात नाही. मावशींनी पदर खोचला आणि लाटायला बसल्या. जन्मभर हातावर तांदळाच्या भाकऱ्या थापलेल्या बाईच्या त्या पोळ्या! एकही गोल होईना. मुलगी त्या मुकाट्यानं पुन्हा लाटत होती आणि मावशी पुढची तशीच वेडीवाकडी टाकत होत्या. मला लसूण सोलायला बसवलं. माझ्याशी मावशी अजून बोलत नव्हत्या. लसणाची ताटली मात्र दोनदा माझ्याकडे ढकलली.

दुपारी जावई आला. तो माथेरानच्या घाटात गाडी चालवतो. दारात सासूला बघून त्यानं चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि मग परत काढल्या. "जेवून घे," मावशी त्याला म्हणाल्या, "आन आमाला घरी सोड. सोडून माघारी फिरायचं नाय. ऱ्हायचंस तू पन." त्याच्याच गाडीतून आम्ही निघालो. वाटेत नातीला गोष्ट हवी होती, तर मावशींनी तिला पाण्यावरचीची गोष्ट सांगितली. उलटी सांगितली, सात जणांना दिलेले नकार सांगितले. "मग ती घरी आली?" नातीनं विचारलं. "आली म्हंजे? भाव गेला व्हता न्यायला. मोठ्या जहाजात बसून." मी पुढच्या सीटवर होते. मान वळवून एक अक्षर बोलले नाही. इतिहासाच्या बाईला असं गप्प बसणं किती जड जातं, ते तिचं तिलाच ठाऊक.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मावशींचे यजमान ओट्यावर बसले होते. गाडीतून कोण उतरतंय ते बघून उठले आणि नुसतेच उभे राहिले. मुलगी अंगण ओलांडून उंबऱ्यापाशी आली आणि तिथं थांबली. पोरीचा हात धरून, खाली बघत.

मग सगळेच थांबले. लेक लांबून माहेरी आली की घरातल्या बाईनं दारात येऊन तिच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं असतं, मगच तिनं आत यायचं. पण त्या घरात दुसरी बाईच नव्हती. जी होती ती मुराळी होऊन गेली होती आणि आता लेकीच्या शेजारीच, उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. "मी करू का?" यजमानांनी हळूच विचारलं. "बापय मानसं करत्यात व्हय?" मावशी म्हणाल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नजर टाकली.

"बाई, आत जावा. चुलीच्या उजव्या हाताला शिंकाळ्यात भाकरी हाय, तांब्या मोरीत."

"मी?"

"मंग कोन? सही करून तुमीच बाहेर काडलीत ना तिला? आता तुमीच घ्या घरात."

मी आत गेले. परक्या स्वयंपाकघरात भाकरी सापडायला वेळ लागला, कारण मला धड दिसत नव्हतं. तुकडा मोडून, तांब्या घेऊन मी उंबऱ्यात आले. समोर मुलगी होती, नात होती. मावशी बाजूला सरकायला लागल्या, तशी मुलीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. मी हात जरा लांब केला आणि तिघींवरूनही ओवाळलं.